लवणासुराच्या बहिणींचं पुढे काय झालं?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे, फक्त अडखळलेल्या जागा नीट केल्या आहेत.)

या वयात खास प्रवास करून आलेले आपले सर आणि बाई, आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली झालेत. मला गोष्टींवर बोलू द्या. समोर मराठीच्या बाई बसल्या आहेत, त्यामुळे पोटात गोळा आलाय. बाई, शुद्धलेखनाचे गुण आज कापू नका.

सुरुवात आपल्या गावापासूनच करते. आठवीत असताना आपली सहल कुठे गेली होती, आठवतं? इतर शाळांच्या सहली औरंगाबादला, वेरूळला जात. आपली गेली सरोवरावर. घरापासून चालत वीस मिनिटं! डबे घेऊन आपण धारेवरून खाली उतरलो, बाभळीच्या रानातून कमळजादेवीच्या देवळापर्यंत गेलो, आणि एकाच दिवशी एकाच खड्ड्याच्या दोन गोष्टी ऐकल्या.

विज्ञानाच्या सरांनी सांगितलं की हा ज्वालामुखी नव्हे. पूर्वी तसं समजत, पण १९७३ साली शास्त्रज्ञांनी इथल्या खडकात आघातानेच तयार होणारी काच दाखवली आणि हे उल्केने पाडलेलं विवर आहे हे सिद्ध झालं. व्यास जवळपास १.८ किलोमीटर, आणि तेही काळ्या बेसॉल्ट खडकात. वय विचारलं तर सर म्हणाले पन्नास हजार वर्षं. आता संशोधक पावणेसहा लाखांच्या आसपास सांगतात. सर, तुम्ही चुकला नव्हता. तेव्हा विज्ञानाचंच वय कमी होतं.

दुसरी गोष्ट बाईंनी सांगितली, दैत्यसूदनाच्या देवळाच्या सावलीत बसून. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली, झाकण लावून लपून राहायचा. देवांनी विष्णूचा धावा केला. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं. लवणासुराच्या दोन बहिणी त्या तरुणावर भाळल्या आणि भावाची लपायची जागा त्यांनी सांगून टाकली. मग देवाने पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवलं, ते दूर धाकेफळला जाऊन पडलं, आणि आत निजलेल्या दैत्याला मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, खार म्हणजे त्याचं मांस.

आपण सगळे खूश. झाकण उडालं म्हणताच मागच्या बाकांवरच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने मात्र हात वर केला आणि विचारलं, "बाई, त्या बहिणींचं पुढं काय झालं?"

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "ते गोष्टीत नाही." घरी आल्यावर मी आजीलाही विचारलं. ती म्हणाली, "त्यायचं काय झालं कोनाले मालूम! दैत्य मेला ना, झालं."

तो प्रश्न माझा नव्हता, शेजारणीचा होता. तिच्याबद्दल शेवटी सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव घेऊ नको म्हणाली, म्हणून घेत नाही. तुमच्यातले बरेच जण ओळखतीलच.

आता थोडा विचार करू या. त्या बहिणींनी काय केलं? एक देखणा तरुण आला, त्याच्यावर विश्वास ठेवला आणि आपलं घर त्याच्या हाती दिलं. राजपुत्र येईल आणि सगळं बदलेल, हीच तर आपल्याला शिकवलेली इच्छा. त्यांच्याकडे तो खरोखर आला. पण तो त्यांच्यासाठी आला नव्हता. भाऊ गेला, घर गेलं, तरुण आपल्या कामाला निघून गेला. त्यांची नावंसुद्धा मला आजवर कुणी सांगितलेली नाहीत.

श्रावणात आपल्या घरोघरी कहाण्या वाचायचे. सोमवारच्या शिवामुठीची कहाणी आठवा. आटपाट नगरातल्या राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं अन्न, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचा गोठा. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात, ती शिवामुठीचा वसा घेते, देव प्रसन्न होतो, राजा थक्क होतो आणि नावडतीची आवडती होते. लहानपणी मला ही कहाणी फार आवडायची. गोठ्यातून पालखीत! याहून मोठं सुख कोणतं?

चाळिशीत ती पुन्हा वाचली आणि दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे ती नावडती का होती, हे कहाणी सांगतच नाही. काही कारणच नाही! दुसरी म्हणजे, ती सासरच्यांना आवडते की नाही एवढंच सगळे बघतात. तिला ते घर आवडत होतं का, हे कुणी विचारत नाही. राजाच्या मर्जीवर सगळं. मर्जी फिरली तेव्हा पालखी आली. उद्या पुन्हा फिरली तर?

मी कहाण्यांची चेष्टा करत नाही. दिवसभर चुलीपुढे राबलेल्या बायकांना त्या कहाण्यांनी सांगितलं की गोठ्यातलीसुद्धा देवाला दिसते. ते काही थोडं नाही. माझं म्हणणं एवढंच की कहाणी थोडी लवकर संपते. जिथे पालखी येते तिथे ती थांबते, आणि खरं जगणं तिथूनच सुरू होतं.

आमच्या धंद्यात याला एक शब्द आहे, 'हॅपी पाथ'. प्रोग्राम लिहिला की आधी आपण तो सगळं सुरळीत चाललं तर कसा चालेल, तेवढाच तपासतो. माणूस बरोबर बटण दाबतो, नेट चालू असतं, बँक हो म्हणते, पैसे जातात. सुफळ संपूर्ण. पण पगार मिळतो तो पुढचं तपासण्यासाठी. नेट मध्येच गेलं तर? दोनदा बटण दाबलं तर? पैसे इकडून गेले आणि तिकडे पोचलेच नाहीत तर ते कुठे आहेत? नवीन पोरं हॅपी पाथ चालला की टाळ्या वाजवतात. जुने लोक विचारतात, "आणि नाही चाललं तर?" मला वाटतं, परीकथा हा हॅपी पाथ आहे. मोठं होणं म्हणजे दुसरा प्रश्न विचारायला लागणं.

आणि आपल्या मराठी साहित्याने हा प्रश्न फार पूर्वीच विचारला आहे. गंमत बघा. आपण ज्या प्रकाराला 'कादंबरी' म्हणतो, तो शब्द मुळात एका राजकन्येचं नाव आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत कथेतली गंधर्वकन्या कादंबरी. तिचा प्रियकर चंद्रापीड मरतो. ती त्याचा देह जपत बसते आणि शेवटी तो पुन्हा जिवंत होतो. म्हणजे मराठीत आपण कोणतीही कादंबरी हातात घेतली, अगदी कर्जबाजारी शेतकऱ्याची असो की मुंबईच्या चाळीतली, तिच्या प्रकारालाच आपण एका परीकथेतल्या राजकन्येचं नाव देतो.

सुरुवातीच्या आपल्या काही कादंबऱ्या तशाच होत्या. १८६१ ची लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' घ्या, अद्भुताने भरलेली. पण त्याच्याही आधी, १८५७ साली, बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं आणि त्यात विधवांची स्थिती होती. म्हणजे मराठी कादंबरी जन्मापासूनच दोन वाटांवर उभी होती. एका वाटेवर राजकन्या, दुसऱ्या वाटेवर केशवपन केलेली बाई.

या दोन वाटा एकाच पुस्तकात आणल्या हरिभाऊ आपट्यांनी. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः छापली. तेव्हा त्यांचं वय सव्वीस. सव्वीस वर्षांच्या पुरुषाने एका मुलीच्या तोंडून, 'मी' म्हणत, तिचं सगळं आयुष्य सांगितलं. ही यमू. भावाबरोबर खेळणारी, हट्ट करणारी, बडबडी. तिचं लग्न होतं आणि नशिबाने नवरा चांगला मिळतो. रघुनाथराव शिकलेले आहेत, तिला वाचायला लावतात, पुढे दोघं मुंबईला बिऱ्हाड करतात. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. हरिभाऊंनी स्वप्नाची टिंगल केली नाही. त्यांनी दाखवलं की नवरा-बायको मित्रासारखे राहू शकतात, सुख या जगात, भाड्याच्या खोल्यांतसुद्धा मिळू शकतं.

आणि मग रघुनाथराव मरतात. चंद्रापीडासारखे ते परत येत नाहीत. यमूला घरच्यांच्या ताब्यात जावं लागतं आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन होतं. हरिभाऊंना सांगायचं होतं ते मला असं कळलं: जे सुख एकट्या भल्या माणसाच्या श्वासावर टांगलेलं असतं, ते सुख खरं असतं, पण सुरक्षित नसतं. राजपुत्र चांगला निघाला तरी प्रश्न सुटत नाही. कायदा, चालीरीती, घरातल्या मोठ्यांचं मन, हे बदलल्याशिवाय यमूला कुणी वाचवू शकत नाही.

हे सगळं नववीत कळलं असं म्हणणार नाही. नववीत मी रडले, एवढंच. पुस्तक बाईंनीच दिलं होतं, शाळेच्या ग्रंथालयातलं, पुठ्ठा सुटलेलं.

दुसरं पुस्तक तर आपल्या सगळ्यांचंच. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, १९३५ साली प्रसिद्ध झालेलं. आपल्याला त्यातले धडे होते, वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी निदान पाच जण त्यावर बोलत. मी पण बोलले होते. आई कशी असावी? श्यामच्या आईसारखी! मागच्या वर्षी माझ्या मुलीला वाचून दाखवायला ते काढलं. लहानपणी मी ते श्यामच्या बाजूने वाचलं होतं, तो काय शिकला ते. या वेळी मी आईच्या बाजूने वाचलं. आणि मला दिसली एक आजारी, थकलेली बाई. घरावर कर्ज, दारात वसुलीचा माणूस, अंगात ताप आणि तरी हात कामात. ती लवकर गेली. आपण तिच्या सहनशीलतेला आदर्श म्हणून हार घातला आणि ती थकली होती हे विसरलो. साने गुरुजी विसरले नव्हते, ते सगळं त्यांनी पुस्तकात स्वच्छ लिहून ठेवलंय. वाचायचं आपण विसरलो. पुस्तक तेच असतं. आपण मोठे झालो की त्यातली दुसरी माणसं दिसायला लागतात.

आता जरा आपल्याविषयी. आपण म्हणतो, आम्ही परीकथांवर विश्वास ठेवणारी पिढी नाही. अहो, आपण तर पक्के ठेवत होतो! फक्त राजपुत्राच्या जागी इंजिनिअरिंग आलं होतं. दहावीला गुण, बारावीला ग्रुपिंग, मग शेगाव नाहीतर अमरावतीला ॲडमिशन, मग पुणे, मग अमेरिका. पालखीच्या जागी विमान. माझा फोटो दहावीच्या निकालानंतर फळ्याशेजारी लागला होता आणि सगळ्यांना वाटलं, हिची कहाणी सुफळ संपूर्ण झाली.

२००१ साली मी शेवटच्या वर्षाला होते. हातात नोकरीचं पत्र होतं, गावात पेढे वाटून झाले होते, आणि बाजार कोसळला. कंपनीने रुजू व्हायची तारीख आधी तीन महिने, मग आणखी पाच महिने पुढे ढकलली. ते आठ महिने मी लोणारात, घरात बसून काढले. दुपारी सगळे झोपले की धारेवर जाऊन बसायची. बाबांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, "ट्रेनिंग आहे, पुढच्या महिन्यात." ते खोटं बोलत होते माझ्यासाठी, आणि मला तेच जास्त लागायचं. पुढे नोकरी लागली, सगळं ठीक झालं. पण पालखी कुणाच्या तरी मर्जीवर येते हे मला तेव्हा कळलं. नावडतीची गोष्ट मला तिथे, धारेवर, पहिल्यांदा समजली.

आणि त्याच आठ महिन्यांत मला एक गोष्ट करता आली असती, ती मी केली नाही. आता शेजारणीचं सांगते.

दहावीचा निकाल लागायच्या आधीच तिच्या लग्नाची तारीख ठरली होती. ती वर्गात दुसरी-तिसरी यायची. मी ते ग्रंथालयाचं 'पण लक्षांत कोण घेतो?' तिला वाचायला दिलं होतं, अर्धं झालं होतं तिचं. लग्नाच्या घाईत पुस्तक तिच्या सामानात गेलं. मी वीस रुपये दंड भरला आणि तिच्यावर चिडले. खरंच, मी पुस्तकावरून चिडले! पत्र लिहीन म्हणाले होते, एकही लिहिलं नाही. ती मेहकर तालुक्यात दिली होती, इथून तासाभराच्या अंतरावर. त्या रिकाम्या आठ महिन्यांत रोज एक एसटी तिच्या गावावरून जात होती. मी कधी बसले नाही. तिला काय तोंड दाखवू, हिची गोष्ट पुढे सरकली नाही म्हणेल, असं वाटायचं. म्हणजे माझ्या गोष्टीत ती फक्त माझ्याकडे बघणारी बाई होती. लवणासुराच्या बहिणींसारखी. झाकण कुठे आहे ते सांगितलं, काम झालं.

या मेळाव्यासाठी आपण ग्रुप केला. आपल्या वर्गात छत्तीस मुलं आणि पंचवीस मुली होत्या. मुलांपैकी दोघं आज आपल्यात नाहीत. बाकीचे चौतीसच्या चौतीस आठवड्याभरात ग्रुपवर आले. मुली आल्या अकरा. चौदा जणी सापडेनात. का? आडनाव बदललं, काही जणींचं तर नावही बदललं. माहेर उठलं, भाऊ गाव सोडून गेले. फोनवर नवऱ्याचं नाव. शाळेच्या रजिस्टरात जी मुलगी आहे, त्या नावाची बाई आता जगात कुठेच नाही. तेव्हा मला बाईंच्या उत्तराची आठवण झाली. ते गोष्टीत नाही.

मग आम्ही चौघी-पाच जणी शोधायला लागलो. किराणा दुकानात विचारलं, नणंदांना विचारलं, बचत गटांत विचारलं. माझी शेजारीण सापडली ती अंगणवाडी सेविकांच्या एका यादीत. मी फोन केला. तिने आवाज ओळखला. मी म्हटलं, "अगं, किती शोधलं तुला!" ती म्हणाली, "मले काय शोधत होती वं? मी कुठी गेली होती? मी तं इथंच आहो."

मला बोलता येईना. मी मनात तिची एक दुःखी गोष्ट रचून ठेवली होती. तिने बारावी बाहेरून केली, मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, तेही दोन लेकरं आणि शेती सांभाळून. सासूशी भांडून परीक्षेला गेली आणि पुढे तीच सासू लेकरं धरून परीक्षा केंद्राबाहेर बसली. वीस वर्षं अंगणवाडी चालवते आहे. सगळं छान आहे असंही नाही. "लगन चार साल उशिरा झालं असतं तं बरं झालं असतं," एवढं तिने स्पष्ट सांगितलं. तिच्या मुलीचं तिने केलं नाही लवकर. मुलगी नर्सिंग करतेय.

मी विचारलं, "ते पुस्तक?" म्हणाली, "आहे ना. चारदा वाचलं." मग जे म्हणाली ते मी लिहून ठेवलंय. त्या कादंबरीत यमूची एक मैत्रीण आहे, दुर्गी, जिच्या वाट्याला वाईट नवरा येतो. माझी शेजारीण म्हणाली, "यमूले तं लिहाले भेटलं. दुर्गीचं कोन लिहिते? यमूनं ध्यानात ठेवलं म्हणून आपल्याले मालूम झालं."

बाई, एवढी वर्षं झाली, पण मला वाटतं त्या दिवशी देवळाच्या सावलीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःच दिलं. बहिणींचं पुढे काय झालं ते गोष्टीत नसतं, कारण ते कुणीतरी विचारावं लागतं. विचारलं तरच ते गोष्टीत येतं.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. राजकन्यांचे सिनेमे बघते, त्यांचे झगे घालते. मी अडवत नाही. २०२० च्या जूनमध्ये आपलं सरोवर गुलाबी झालं होतं ना, तेव्हा ती सहा वर्षांची. टीव्हीवर बघून म्हणाली, परीने रंग टाकला. मी हो म्हटलं. वर्षभराने तिला सांगितलं की पाणी कमी झालं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला. ती म्हणाली, "मग पाणी कमी का झालं?" बस्स. एवढंच हवं. परीवर विश्वास ठेवावा, आणि नंतर 'मग पुढे?' विचारावं. पहिल्याशिवाय दुसरं येत नाही.

आता एक विनंती. शोधता शोधता आज ग्रुपवर आपण सोळा जणी झालो. नऊ अजून राहिल्या. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर त्या नऊ नावांची यादी आहे, शाळेतल्या नावांनी, माहेरच्या आडनावांनी. फक्त नावं, बाकी काही नाही. कुणाला काही कळलं तर आधी त्यांनाच विचारा, यायचं आहे का. नाही म्हणाल्या तर तेही त्यांचंच उत्तर. पण विचारा.

आणि ग्रंथालय सांभाळणारे गुरुजी समोर बसलेत. गुरुजी, तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका बाईंनी आज एक पुस्तक आणलंय. पुठ्ठा नवीन घातलाय, कव्हरही घातलंय. वीस रुपये मी तेव्हाच भरले होते. पुढचा दंड तुम्ही सांगाल तो आम्ही दोघी मिळून भरू.